रुपीबाईचं पांढरं निशाण

रुपीबाई नायकाशी बोलायची ती बकरीमार्फत. हसू नका, रीतच होती तशी. सेवादास तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, आणि तिच्या वारलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे जेठ. जेठासमोर गोर, म्हणजे बंजारा, बाईनं घुंगट ओढायचा आणि थेट एक शब्द बोलायचा नाही. बाकीच्या बाया जेठ दिसला की गप्प बसत. रुपीबाईला गप्प बसणं जन्मात जमलं नाही. मग ती दारातल्या बकरीकडे तोंड करून म्हणे, "बकरे, तुया मालकाले सांग, विहिरीचा दोर तुटला हाय आन तो पान खाऊन राह्यला." नायकही बकरीकडे बघूनच उत्तर देई. आपसात ते गोरबोलीत बोलत. सगळ्यांना कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत सांगायचं, इतकंच. बकऱ्या बदलत गेल्या, पण दोघांचा कारभार असाच चालला.

तांडा बोरी अरबच्या पुढे, माळावर. तीस-एक घरं. माळाच्या पायथ्याशी कुणब्यांचं गाव, त्याला तांड्याची माणसं नुसतं 'खालचं गाव' म्हणत. तांड्याच्या तोंडाशी सेवालाल महाराजांचं देऊळ. देऊळ म्हणजे काय, सारवलेला ओटा, वर पत्रा, आणि समोर वीस हात उंच सागाचा खांब. खांबावर पांढरा झेंडा. दर रामनवमीला जुना झेंडा उतरायचा, नवा चढायचा, आणि उतरलेल्या झेंड्याच्या पट्ट्या फाडून घरोघर एकेक वाटायची. कोणी ती पाळण्याला बांधे, कोणी बैलाच्या शिंगाला. देवाची राखण घरात राहते म्हणत.

झेंडा शिवायचा आणि फाडायचा मान रुपीबाईच्या घराकडे होता. खांबावर चढायचं काम तिच्या पोराचं, भीमसिंगचं. तो वर चढे आणि ही खाली कंबरेवर हात ठेवून ओरडत राही, "हळू, मुडद्या! पडशीन! कमी हाय का उंची?" तिची नजर सगळा वेळ त्याच्या पायांवर. झेंडा सरळ लागला की वाकडा, हे तिला नंतर लोकांकडून कळायचं.

एकोणसाठ साली भीमसिंग फौजेत गेला. बंदूकवाल्यांत नाही, खेचरांच्या तुकडीत. खालच्या गावातले लोक हसले, "फौजेत जाऊन खेचरं हाकून राह्यला!" रुपीबाईनं त्यांना तिथल्या तिथं सुनावलं, "आमच्या आज्या-पंज्यानं बैलावर लादून राजाइच्या फौजेले दाने पोचवले. दाने नसते पोचवले त तुमचे राजे काय तलवारी चावून खात होते?" पोरगा निघाला तेव्हा तिनं झेंड्याची एक पट्टी त्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये आतून शिवून टाकली. टाके असे बारीक की शोधूनही सापडू नयेत. "शर्ट बदलला त ही त्यात शिवजो, इसरू नको आन कोनाले दाखवू बी नको," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन बकरीवर ओरडली.

बासष्टच्या दिवाळीच्या सुमारास चीननं हल्ला केला. खालच्या गावात ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, त्याच्याभोवती रोज संध्याकाळी गर्दी. भीमसिंगची पत्रं महिन्याला एक यायची, ती थांबली. आठ दिवस, पंधरा दिवस. रुपीबाई रोज माळ उतरून रेडिओपाशी जाऊन बसे. रेडिओतली मराठी तिला निम्मी कळायची. मागे सरलो, ठाणं सोडलं, असं काही आलं की माणसांचे चेहरे पडत, ते मात्र पुरतं कळायचं. भाकरी थापायला बसली की पीठ तसंच राही.

देशासाठी सोनं-नाणं गोळा करायला गावात सभा झाली. रुपीबाईनं गाठोडं सोडलं आणि आपल्या घुगऱ्या दिल्या. घुगरी म्हणजे गोर सवाष्णीच्या कानशिलावर केसांत अडकवून सोडलेला चांदीचा दागिना. नवरा गेल्यावर उतरवून ठेवलेला. टाळ्या झाल्या. संरक्षण समितीचे अध्यक्ष भगवानराव माईकवरून म्हणाले, "ह्या माउलीपासून शिका!" भगवानराव खालच्या गावचे मोठे शेतकरी. माणूस वाईट नव्हता, कोणाच्या मयतीला कधी चुकला नाही. पण काही माणसांच्या अंगात देवी येते, तशी त्यांच्या अंगात समिती आली होती.

त्याच आठवड्यात रुपीबाईनं नवस केला. नवा झेंडा लावीन, आणि पोरगा परत येईपर्यंत तो उतरवणार नाही, मग रामनवमी येवो की जावो. लावणार कोण? चढणारा तर हिमालयात. नायक म्हणाला, खांब आडवा करू. ती बकरीला म्हणाली, "बकरे, सांग त्याइले, देवाचा खांब आडवा करत नसतेत." आणि पन्नाशीची बाई, आरशाआरशांचा जड फेटिया, म्हणजे घागरा, कमरेला खोचून, खांबावर चढली! खाली सगळा तांडा जमून जीव मुठीत धरून उभा. उतरली तेव्हा गुडघे सोलले होते. झेंडा मात्र असा लागला की तीन कोसांवरून दिसावा.

हीच तर भानगड झाली. तो तीन कोसांवरून दिसला.

तिसऱ्या दिवशी भगवानराव चार माणसं घेऊन माळ चढून आले. ओट्यापाशी उभे राहून त्यांनी वर बोट केलं. "नायक, हे काय लावलं तुमी?"

"झेंडा हाय पाटील. सेवाभायाचा. दरवर्षीच असते."

"दरवर्षीची गोष्ट येगळी. आता लढाई चालू हाय. लढाईत पांढरं निशान म्हनजे काय ते मालूम हाय का? शरन! आमी हारलो, आमाले मारू नका, असं सांगनं! तिकडे जवान मरून राह्यले आन इथं आपल्या गावाच्या डोक्शावर शरनागतीचं निशान! इमानातून कोनी पाह्यलं तर काय म्हनन?"

नायकाचा चेहरा पांढराफटक पडला, झेंड्याशी जोडी शोभेल असा. त्याला कारण होतं. इंग्रजाच्या राज्यात सेवादासनं तरुणपणी 'गुन्हेगार जमात' म्हणून चौकीवर हजेरी दिली होती. दुसऱ्या गावाला जायचं तर आधी अंगठा उठवायचा, आल्यावर पुन्हा उठवायचा. चोरी कुठंही होवो, झडती तांड्याची. स्वराज्य आलं, हजेरी गेली, पण वर्दी दिसली की त्याचा अंगठा अजून आपोआप मुडपायचा. आत्ताही मुडपला.

"उतरवतो पाटील," तो म्हणाला.

घुंगटाआडून आवाज आला, "बकरे, सांग त्याइले, नवस माया हाय. उतरनार नाई."

भगवानराव वळले. "रुपीबाई, अवो समजून घ्या. देशाचा सवाल हाय."

पाटलाशी बोलायला रुपीबाईला बकरी लागत नव्हती. "पाटील, परवा माया घुगऱ्या नेल्या, तवा मी देशाची माउली होती. चार दिवसांत चिन्याची झाली का?"

"तसं कोन म्हनते? फक्त निशान..."

"तुमच्या पारावर मारुतीचा भगवा हाय. तो उतरवला?"

"तो देवाचा हाय."

"मंग हा कोनाचा हाय? अन् वढ्यापल्याडच्या पिराचा हिरवा?"

"त्याइले बी सांगतलं हाय," भगवानराव पडेल आवाजात म्हणाले. मग त्यांनाच आपल्या आवाजाचा राग आला. "पाहा, बाजाराच्या दिवसापर्यंत उतरवा. नाई त मले दारव्ह्याले तहसीलदारापाशी लिहून द्यावं लागन. आन पोट्टा फौजेत हाय तुमचा. त्याच्या नोकरीवर जाईन, मंग मले दोष नका देऊ."

माणसं गेली. रुपीबाई खांबाला पाठ टेकून खाली बसली. आता हिनं करायचं काय? झेंडा उतरवला तर नवस मोडतो, आणि नवस मोडला की पोराचं काय होणार हे तिला देवानं कानात सांगायची गरज नव्हती. नाही उतरवला तर सरकारी कागद होणार, सगळ्या तांड्यावर पुन्हा अंगठे यायचे, आणि 'शरणागतांचा पोरगा' म्हणून भीमसिंगलाच फौज हाकलून लावायची. दोन्हीकडून पोरगाच! तिनं त्या आठवड्यात एक भाकर धड खाल्ली नाही. वारा सुटला की झेंडा फडफडे, आणि तिला वाटे, हा आवाज दारव्ह्यापर्यंत जातोय. एकदा झेंडा हळदीत बुडवावा का, असाही विचार तिनं केला. मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

नायक रोज येऊन बकरीला विनवी, "सांग तिले, तांड्याची इज्जत जाईन." बकरी काय सांगणार, बिचारी पाला खाई.

बाजाराचा दिवस आला. भगवानराव पुन्हा माळ चढून आले, या वेळी एकटेच. हातात एक कागद. रुपीबाईला वाटलं, झालं, लिहिलं तहसीलदाराला. ती उठून खांबाला हात लावून उभी राहिली.

पण भगवानरावांनी वर पाहिलंच नाही. टोपी काढली. टपालवाल्यानं बोरीहून फौजेचं पत्र आणलं होतं, आणि तांड्यात वाचणारा कोणी नाही म्हणून त्यांच्याकडे दिलं होतं. त्यांनी वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाचा ना पाटील," रुपीबाई म्हणाली. "मेला का माया लेक?"

"नाई, नाई! मेला असं नाई लिहिलं." घाम पुसून ते म्हणाले, "बेपत्ता लिहिलं हाय."

रुपीबाईनं कागदावर हात फिरवला. मग म्हणाली, "म्हनजे पत्ता हरवला त्याचा."

"तसंच... तसंच काईसं."

"मंग तुमी लिहा त्याइले. तांडा, मुक्काम बोरी अरबच्या पुढे, माळावर. वळख म्हनून सांगा, पांढरा झेंडा. दुरून दिसते."

तिला खरंच तो शब्द कळला नव्हता की कळून तिनं तसा घेतला, हे शेवटपर्यंत कोणाला समजलं नाही. भगवानरावांनी मान हलवली, टोपी घातली आणि माळ उतरून गेले. झेंड्याचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. पण समितीतले बाकीचे होते ना! दुकानात, विहिरीवर, "त्याइचं निशान अजून वरच हाय" हे चालूच राहिलं. एकानं तर विचारलं, तुमच्या बोलीत चिनी शब्द किती?

लढाई थांबली. हिवाळा गेला. वाऱ्यानं झेंडा फाटत गेला, निम्मा उरला. रामनवमी आली, तसाच ठेवला. चीन पकडलेले जवान सोडतोय, असं रेडिओवर आलं. रुपीबाईनं नवा शिवून, धुऊन, घडी करून ओट्यावर डब्यात ठेवला होता. रोज डबा उघडून बघे, वाळवी तर नाही ना लागली. रात्रीची झोप गेली, केस पिकले, बकरीशीही बोलणं कमी झालं. नायकाला त्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली.

त्रेसष्टच्या वैशाखात, भर दुपारी, माळ चढून एक माणूस आला. हाडं आणि त्यावर शर्ट. रुपीबाईनं चालीवरून ओळखला. धावली, गळ्यात पडली, आणि मोठ्यानं गळा काढला. आता गोरांची ही एक रीत आहे. खूप दिवसांनी आपलं माणूस भेटलं की बाया गळ्यात पडून सुरात रडतात, काय काय सोसलं ते गाऊन सांगतात. तांड्यातल्या बाया धावल्या, त्यांनीही सूर लावला. तीस घरांचं रडणं माळावरून खाली उतरलं.

खालच्या गावाला वाटलं, खबर आली. भीमसिंग गेला.

अर्ध्या घटकेत गाव वर आलं. पुढे भगवानराव, हातात तिरंगा, मागे कण्हेरीच्या फुलांचा हार घेतलेला माणूस, कोणी म्हणत होतं, अमर रहे. ओट्याला वळसा घालून आले, तर ओट्यावर बसून भीमसिंग तांब्यानं पाणी पितोय!

"अबे!" भगवानराव जागीच थबकले. "हा त जित्ता हाय!"

"मंग रडून कायले राह्यले?" मागून कोणी विचारलं.

"आला म्हनून!" बाया एका सुरात म्हणाल्या. मग हसणं काय, टाळ्या काय! मेल्यासाठी आणलेला हार जित्याच्या गळ्यात घालावा की नाही यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं. शेवटी घातला. भगवानरावांचे डोळे भरून आले होते. "सांग बाबू," ते म्हणाले, "कसा लढला, कसा सापडला त्याइच्या हाती, समद्याइले सांग."

भीमसिंगनं हार काढून बाजूला ठेवला. त्याची नजर वर गेली, फाटक्या झेंड्यावर. 

"याडी, तो पयले उतरव."

"उतरवाचाच हाय, बेटा. नवस फिटला. नवा तयार हाय." तिनं डबा उघडून घडी त्याच्या पुढ्यात धरली. "चढ आता तूच."

"नवा नको लावू. कोनताबी लाव. पांढरा नको."

जे समितीला जमलं नाही, कागदाच्या धाकानं झालं नाही, ते तिचा पोटचा पोरगा मागत होता. रुपीबाईनं हात त्याच्या कॉलरकडे नेला, चाचपलं. शिवण नव्हती.

"पट्टी कोठी हाय?"

मग तो बोलला. खाली बघून, सगळ्यांसमोर. डोंगरावर चौदा जण उरले होते. खेचरं मेली, गोळ्या संपल्या, तीन दिवस पोटात बर्फ. हवालदार सरदारजी, पायाला गोळी लागलेली. मलबारचा एक ख्रिश्चन, हैदराबादचा एक मुसलमान आचारी, दोघं कुमाऊंचे, एक बंगाली. एकाची बोली दुसऱ्याला धड येत नव्हती. चहूबाजूंनी चिनी. हवालदार म्हणाला, कोणाकडे पांढरं काही आहे? कोणाकडे नव्हतं. फौजेत सगळं खाकी नाहीतर हिरवं, रुमालसुद्धा. "मंग म्या कॉलर उसवली," भीमसिंग म्हणाला. "खेचराच्या चाबकाले बांधली आन उभा राह्यलो. म्या. याडी, म्याच दाखवलं निशान." हार आणखी दूर सरकवून तो म्हणाला, "चिन्याइनं सोडल्यावर गाडीत एकानं इचारलं, शरन गेलेले तुमीच का? म्या हो म्हनलो."

भगवानरावांच्या हातातला तिरंगा खाली आला होता. आता ते म्हणू शकत होते, बघा, मी सांगतच होतो. गावातल्या दोघांनी त्यांच्याकडे तशा नजरेनं पाहिलंही. नायकाचा अंगठा मुडपला. सहा महिने ज्या एका शब्दाला ती नाही म्हणत आली, तो शब्द पोरगा घरी घेऊन आला होता.

"किती जन होते म्हनला?" तिनं विचारलं.

"चौदा."

"सारे जित्ते हायेत?"

"हाव. समदे आले."

रुपीबाईनं झेंड्याची घडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "मंग चौदा आया हायेत, बेटा. त्याइले जाऊन इचार, कोनता रंग लावू ते."

भीमसिंगनं तोंड घडीत खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला, सूर नव्हता त्या रडण्याला. रुपीबाईनं रडू दिलं. मग तिनं घुंगट मागे सारला आणि जन्मात पहिल्यांदा जेठाकडे सरळ बघून म्हणाली, "खांब धरा. हलते तो." नायक दचकून उठला. बकरीकडे बघायचंही विसरला. दुसऱ्या बाजूनं भगवानरावांनी तिरंगा जपून शेजारच्या माणसाच्या हाती दिला, धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी खांबाचं बूड धरलं.

भीमसिंग घडी खांद्यावर टाकून चढायला लागला. पायांत जोर नव्हता, मध्येच थांबत होता. वर झेंडा कसा लागतो, सरळ की वाकडा, सगळं गाव मान वर करून बघत होतं. रुपीबाई त्याच्या पायांकडे बघत ओरडत होती, "हळू, मुडद्या! पडशीन!"